संकेतस्थळासाठी भरवशाची जागा कशी निवडावी

रायगडाच्या पायथ्याशी वसलेली हिरकणीवाडी ही महाड तालुक्यातील एक लहानशी वाडी होय. भात, नाचणी व वरी ही या डोंगराळ भागाची परंपरागत पिके. उताराची जमीन, पावसाळ्यात अतोनात पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची चणचण, यांमुळे केवळ पिकावर वर्ष काढणे येथील कुटुंबांस कठीण जाते. गडावर येणाऱ्या लोकांस भाकरी-पिठले, ताक, सरबत व मुक्कामाची सोय पुरविणे हा म्हणूनच येथील महत्त्वाचा जोडधंदा झाला आहे. गडावर दूध घालावयास गेलेल्या हिरकणीची कथा सर्वांस ठाऊक आहे. ती एका जोडधंद्याचीही कथा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९९६ साली वाडीतून गडावर जाणारा रज्जुमार्ग सुरू झाला व वृद्ध माणसांची आणि लहान मुलांची ये-जा वाढली. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत रायगड आहे. गिऱ्हाईक वाढावयास याहून चांगली परिस्थिती कोणती असावी! तथापि हे गिऱ्हाईक आता पूर्वीसारखे पाटी पाहून थांबत नाही. पुण्याहून, मुंबईहून किंवा कोल्हापुराहून निघण्यापूर्वीच ते फोनवर शोध घेते, जेवणाचे दर पाहते आणि खोली राखून ठेवते. यास्तव खानावळ चालविणारी कुटुंबे, कोकम-आगळ व नाचणीचे पदार्थ विकणारे महिला बचत गट आणि कृषी पर्यटन केंद्रे यांस आपले संकेतस्थळ, म्हणजे लोक ज्यास वेबसाइट म्हणतात ते, असावे असे वाटू लागले आहे.

संकेतस्थळ तयार करून देणारा कोणी ना कोणी भेटतोच. अडचण पुढे येते. वर्षभराने एके दिवशी ते उघडेनासे होते आणि तयार करणाऱ्याचा फोन लागत नाही. पाटीवर छापलेला पत्ता व्यर्थ जातो. अशा वेळी दोष बहुधा संकेतस्थळाच्या रंगरूपात नसतो. ते ज्या जागेवर ठेवले त्या जागेच्या निवडीत व त्या वेळी झालेल्या कागदपत्रांत असतो. त्या निवडीचा येथे विचार करावयाचा आहे.

जागा म्हणजे काय?

संकेतस्थळ म्हणजे मजकूर, छायाचित्रे व दरपत्रक यांच्या फायलींचा एक गठ्ठा. हा गठ्ठा अहोरात्र चालू असणाऱ्या आणि इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवावा लागतो. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात, व त्यावरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायास होस्टिंग. पुण्यातील गिऱ्हाईकाने आपल्या फोनवर खानावळीचा पत्ता उघडला की त्याची मागणी त्या सर्व्हरकडे जाते व तेथून पान त्याच्या फोनवर येते. सर्व्हर बंद असेल तर पान येत नाही. घरी चूल पेटलेली आहे, खोल्या झाडून ठेवल्या आहेत. पण गिऱ्हाईकाच्या लेखी दुकान बंद.

हा संगणक घरीच का ठेवू नये, असे कोणी विचारील. आषाढ-श्रावणात वीज किती वेळा जाते व तार तुटल्यावर ती जोडावयास किती वेळ लागतो, हे वाडीतील माणसास सांगावयास नको. होस्टिंगच्या इमारतीत वीज गेल्यावर चालणारी जनित्रे, इंटरनेटच्या एकाहून अधिक वाहिन्या आणि यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था असते. भाडे द्यावयाचे ते यासाठी. धान्य घरात न साठविता वखारीत ठेवावे, तशातलाच हा प्रकार आहे. आणि वखारीत धान्य ठेवणारा शेतकरी जे प्रश्न विचारतो तेच येथेही विचारावयाचे: पावती कोणाच्या नावाची, माल केव्हाही बाहेर काढता येईल काय, आणि वखार जळाली तर पुढे काय?

सातबारा कोणाच्या नावावर?

पहिला प्रश्न नावाचा. संकेतस्थळाच्या पत्त्यास डोमेन नाव म्हणतात. हे नाव व होस्टिंगची जागा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या एकाच बिलात आल्या तरी एक नव्हेत. जागा बदलता येते. नाव बदलले तर पाट्या, पावत्या, आगळाच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या आणि गिऱ्हाईकाची ओळख, सर्वच बदलावे लागते. म्हणून नाव हे सातबाऱ्यासारखे समजावे. ते ज्याच्या खात्यावर नोंदलेले असेल त्याचे. जमिनीशी त्याचे साम्य मात्र येथेच संपते, कारण नावाचे शुल्क मुदतीवर मुदत भरत राहावे लागते. मुदत टळली व सवलतीचा काळही गेला, तर ते नाव कोणीही घेऊ शकतो.

भारताचे ‘डॉट इन’ हे नाव व देवनागरीतील ‘डॉट भारत’ हे नाव, या दोहोंची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था पाहते. देवनागरीतील नावे २०१४ सालापासून मिळू लागली. त्यांत मराठीचा समावेश आहे. मराठी नाव पाटीवर शोभते व वाचावयास सोपे जाते. तथापि काही फोनवर व ई-मेलच्या अर्जांत ते अजून नीट चालत नाही. सबब रोमन लिपीतील नाव मुख्य ठेवून मराठी नाव जोडीस घेणे बरे.

नोंदणी करताना मालकाचे नाव, मालकाचा फोन व मालकाचाच ई-मेल द्यावा. संकेतस्थळ तयार करणाऱ्या तरुणाचा नव्हे, पुण्यातील भाच्याचा नव्हे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याचा तर मुळीच नव्हे. कार्यकर्ते बहुधा उपकारबुद्धीने आपलाच फोन क्रमांक देऊन काम पुरे करतात. पुढे त्यांची बदली होते. नाव मात्र त्यांच्याच फोनवर राहते, व ओटीपी दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडतो. बचत गटाच्या बाबतीत गटाचा स्वतंत्र ई-मेल काढावा व तो अध्यक्ष आणि सचिव या दोघींस उघडता यावा, म्हणजे पदाधिकारी बदलल्यावर अडत नाही.

येथे एक बारीक पण महागात पडणारी चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ लोक हौसेने आपल्या डोमेन नावाचाच ई-मेल काढतात व तोच नोंदणीच्या खात्यास देतात. नावाची मुदत संपली की तो ई-मेलही बंद पडतो, आणि मुदतीची सूचना व खाते उघडण्याचा संकेत तेथेच येत असल्यामुळे मालकास काहीच करता येत नाही. किल्ली पेटीत ठेवून पेटी लावल्यासारखे हे होते. नोंदणीसाठी नेहमी बाहेरचा, साधा ई-मेल वापरावा.

नव्याण्णव दशांश नऊचा हिशेब

होस्टिंगच्या प्रत्येक जाहिरातीत ‘९९.९ टक्के वेळ चालू’ असे आश्वासन असते. हा आकडा मोठा दिसतो. त्याचा हिशेब करून पाहावा. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी ९९ टक्के वेळ सर्व्हर चालू राहील असे म्हणणाऱ्याने वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद राहण्याची मुभा घेतलेली असते. ९९.९ टक्के म्हणजे वर्षातून सुमारे पावणेनऊ तास, आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे.

पावणेनऊ तास वर्षभर विखुरले तर कोणास कळणारही नाहीत. परंतु हिरकणीवाडीचे वर्ष सपाट नाही. ६ जून रोजी तारखेप्रमाणे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस तिथीप्रमाणे शिवराज्याभिषेकाचा सोहळा गडावर होतो व महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक येतात. चैत्र पौर्णिमेस शिवपुण्यतिथीची गर्दी असते. या दिवसांच्या आधीच्या आठवड्यांत खोल्यांची विचारणा एकदम वाढते. नेमके तेव्हाच सर्व्हर पाच तास बसला, तरी कंपनीने आपले वचन पाळलेलेच असते! आणि वचन मोडले तरी भरपाई बहुधा भाड्यातील काही दिवसांच्या सुटीच्या रूपाने मिळते. परत गेलेल्या गिऱ्हाईकाची किंमत कोणी देत नाही.

मग टक्केवारीकडे पाहू नये काय? पाहावे, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. त्याहून उपयुक्त प्रश्न असा की, एकाच वेळी पुष्कळ लोक आले असता काय होते. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे चाळीतील बिऱ्हाडांप्रमाणे राहतात. त्यास सामाईक होस्टिंग म्हणतात. कोणा एकाकडे गर्दी झाली तर कंपनी त्याचे पान काही काळ अडवून धरते, म्हणजे शेजाऱ्यांस त्रास होऊ नये. ही व्यवस्था मूलतः वाईट नाही. खानावळीस किंवा गटास सामाईक होस्टिंग पुरेसे असते, व अधिक महाग, स्वतंत्र सर्व्हर गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यापासून सावध राहणेच योग्य. फक्त पान हलके असले पाहिजे.

पान हलके म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फोनने काढलेले छायाचित्र सुमारे ४ एमबीचे धरू. अशी दहा छायाचित्रे पानावर घातली तर पान ४० एमबीचे झाले. दिवसात ५०० लोकांनी ते पाहिले तर सर्व्हरमधून २० जीबी माल बाहेर गेला. तीच छायाचित्रे लहान करून २०० केबीची केली तर पान २ एमबीचे होते व ५०० लोकांस १ जीबी पुरतो. नजरेस फरक जवळजवळ दिसत नाही. पण घाटात, कमकुवत संकेतावर पान उघडणाऱ्या गिऱ्हाईकास तो चांगलाच जाणवतो. सर्व्हर मुंबई-नवी मुंबईच्या बाजूस असेल तर आणखी बरे. अमेरिकेतील सर्व्हरकडे जाऊन येण्यास दर खेपेस सुमारे पाव सेकंद लागतो, आणि एका पानासाठी अशा अनेक खेपा होतात.

पूर, आग आणि राखीव प्रत

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड तालुका विसरणार नाही. सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. मनुष्यहानीपुढे दप्तराची गोष्ट काढणेही बरे दिसत नाही. तरी पुढील काळजी म्हणून हे लक्षात घ्यावे की, बाजारपेठेतील दुकानांत व कार्यालयांत जे संगणक व जी कागदपत्रे पाण्यात गेली, त्यांतील मजकूर ज्यांनी दुसरीकडे ठेवला नव्हता त्यांचा तो कायमचा गेला. महाडातील एखाद्या दुकानदाराने संकेतस्थळ तयार करून दिले व त्याची एकमेव प्रत त्याच्याच संगणकात राहिली, तर तीही त्याच पाण्याच्या वाटेवर आहे.

मोठ्या कंपनीच्या इमारतीस असे भय नाही, असा समज करून घेऊ नये. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हर-केंद्रास आग लागून एक पाच मजली इमारत भस्मसात झाली. जीवितहानी झाली नाही. परंतु लक्षावधी संकेतस्थळे एका रात्रीत बंद पडली. ज्यांच्या राखीव प्रती दुसऱ्या शहरात होत्या ते काही दिवसांत पुन्हा उभे राहिले. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांतील कित्येकांचे सर्व काही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी केंद्रास आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांची प्रचंड माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर प्रतच नव्हती. जेथे पैशाचा तोटा नाही तेथेही ही चूक होते.

यास्तव कंपनीस विचारावे: राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, दररोज निघते की आठवड्याने? किती दिवसांच्या प्रती ठेवल्या जातात? त्या दुसऱ्या शहरात असतात काय? आणि मालकास ती स्वतःकडे उतरवून घेता येते काय? शेवटच्या प्रश्नास ‘नाही’ असे उत्तर आले तर ती कंपनी सोडून द्यावी; बाकीच्या उत्तरांची वाटही पाहू नये. महिन्यातून एकदा प्रत उतरवून घ्यावी व ती वाडीबाहेर, पुण्या-मुंबईतील नातेवाइकाकडेही पाठवावी.

तेवढ्यानेही काम संपत नाही. घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. राखीव प्रतीचीही अशीच चाचणी घ्यावी लागते. उतरविलेली प्रत वर्षातून एकदा दुसऱ्या जागी लावून संकेतस्थळ खरोखर उघडते की नाही हे पाहावे. न उघडणाऱ्या प्रती वर्षानुवर्षे साठविल्याचे प्रकार फार आहेत.

फुकटचे व स्वस्ताचे

फुकट जागेचा मोह स्वाभाविक आहे. गूगल कंपनी आपल्या ‘बिझनेस प्रोफाइल’ या सोयीबरोबर लहान दुकानदारांस फुकट संकेतस्थळ देत असे. ती संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. जुना पत्ता १० जून २०२४ पर्यंत प्रोफाइलकडे वळत होता, नंतर तोही थांबला. ज्यांनी तो पत्ता पाट्यांवर रंगविला होता त्यांचा रंगही फुकट गेला. त्यापूर्वी २००९ साली याहू कंपनीची जिओसिटीज ही फुकट सेवा अशीच गुंडाळली गेली होती. नकाशावरील प्रोफाइल अद्यापि उपयोगाची आहे व ती प्रत्येक खानावळीने ठेवावीच. परंतु पाटीवर रंगवावयाचा पत्ता स्वतःच्या डोमेन नावाचाच असावा. नाव स्वतःचे असेल तर फुकट जागेवर राहूनही बिघडत नाही, कारण जागा मोडली तरी गिऱ्हाईकाचा पत्ता तोच राहतो.

विकत घेताना पहिल्या वर्षाच्या दरावर भुलू नये. समजा, एक कंपनी पहिल्या वर्षी १,२०० रुपये व पुढे दरवर्षी ४,८०० रुपये घेते. दुसरी दरवर्षी ३,००० रुपये घेते. पहिली स्वस्त वाटते. तीन वर्षांची बेरीज मात्र पहिलीची १०,८०० व दुसरीची ९,००० रुपये होते, आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला म्हणजे अनुक्रमे १२,७४४ व १०,६२० रुपये. नूतनीकरणाचा दर जाहिरातीत बारीक अक्षरांत असतो. तोच ठळक समजून वाचावा. गिऱ्हाईकाची माहिती सुरक्षित जावी म्हणून संकेतस्थळास प्रमाणपत्र लागते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते २०१५ सालाच्या अखेरीपासून फुकट मिळते. त्यासाठी निराळे पैसे मागणाऱ्यास कारण विचारावे. ‘अमर्याद जागा’ या शब्दांचा अर्थ करारातील मर्यादा वाचल्यावरच कळतो.

परदेशी कंपनीकडे कार्डातून आपोआप पैसे जातील या भरवशावर राहू नये. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीस ग्राहकाची नोंदविलेली संमती व आगाऊ सूचना लागते. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. पण काही परदेशी कंपन्यांची वसुली त्यामुळे अडते व मालकास ते मुदत टळल्यावर कळते. यूपीआयने रुपयांत पैसे घेणारी व रीतसर बिल देणारी कंपनी त्या मानाने सोयीची.

पैसे भरण्यापूर्वी

कंपनीची पारख गिऱ्हाईक होण्यापूर्वीच करता येते. रविवारी रात्री नऊ वाजता तिच्या मदत-केंद्रास एक साधा प्रश्न विचारावा: ‘आमचे संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीकडे न्यावयाचे झाल्यास काय करावे लागेल?’ उत्तर किती वेळात आले, माणसाने दिले की यंत्राने, आणि सरळ दिले की टाळाटाळीने, हे पाहावे. जी कंपनी बाहेर पडण्याचा रस्ता आनंदाने दाखविते तिच्याकडे राहण्यास सहसा हरकत नसते. शक्य तर प्रथम एका महिन्याचे भाडे भरून पाहावे. संकेतस्थळ चालू आहे की नाही हे दर काही मिनिटांनी तपासून बंद पडल्यास फोनवर कळविणाऱ्या फुकट सेवा आहेत. महिनाभर तिचा अहवाल पाहिला म्हणजे जाहिरातीतील टक्केवारीची गरज उरत नाही. नवी पाटी रंगवावयास द्यावयाची ती त्यानंतर.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या वहीत प्रत्येक व्यवसायासाठी एक पान राखावे. डोमेन नाव, ते कोणाच्या नावे आहे, कंपनी, नावाची व जागेची मुदत संपण्याची तारीख आणि खात्यास जोडलेला ई-मेल, एवढे त्यावर असावे. परवलीचा शब्द तेथे लिहू नये व कोणी सांगू लागल्यास ऐकूनही घेऊ नये; तो मालकाच्या घरी, कागदावर, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावा. जुन्या संकेतस्थळांच्या बाबतीत नाव दुसऱ्याच्या खात्यावर आढळल्यास संबंध गोड आहेत तोवर ते मालकाच्या खात्यावर वर्ग करून घ्यावे. नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून हस्तांतराचा संकेत मिळाला म्हणजे हे काम साधारणतः काही दिवसांत होते.

जागा बदलावयाची झाल्यास ती भातकापणीनंतर बदलावी. मे-जूनमध्ये हात लावू नये. मुदतीची तारीख पावसाळ्यात येत असेल तर पुढील वर्षाचे पैसे अक्षय्य तृतीयेपूर्वीच भरून टाकावेत. २०२१ च्या जुलैत महाड परिसरात वीज व फोन दोन्ही बंद होते, आणि मुदतीचे दिवस मोजणारा संगणक भरपावसातही चालूच असतो.